पंगतीतले रिकामे पान



कर्करोगाविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. व्यसन सोडा, ही पहिली. आणि निदान वेळेवर झाले तर रोग बरा होतो, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि नागपुरात तर त्या कितीदाही सांगितल्या तरी थोड्याच. पण या दोहोंच्या पलीकडे एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. मुखाचा कर्करोग झाला, शल्यक्रिया झाली, किरणोपचार पूर्ण झाले, ‘आता तपासणीपुरते या’ असे डॉक्टरांनी सांगितले, घरी पेढे वाटून झाले. त्यानंतर त्या माणसाचे काय होते? आजचा विषय तो आहे.

विदर्भातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात दिसू शकेल असे एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. लग्नघरची पंगत बसली आहे. वर्षापूर्वी उपचार पूर्ण करून आलेले घरातले वडीलधारे गृहस्थ दाराशी उभे राहून सर्वांना आग्रहाने बसवत आहेत. कोणी म्हणते, “काका, तुम्हीही बसा.” ते हसून सांगतात, “माझे झाले.” त्यांचे झालेले नसते. सगळे पांगल्यावर, रात्री अकरा वाजता, दार लोटून घेऊन ते पातळ केलेली खिचडी खातात. एका वाटीला पाऊण तास लागतो. तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही. घास तोंडातल्या तोंडात घोळत राहतो, ओठांच्या कडेने ओघळतो, पाण्याच्या घोटाने ठसका लागतो. हे कोणी पाहू नये म्हणून ते पंगतीतून उठले आहेत. काही महिन्यांनी लोक त्यांना बोलावणेही सोडून देतात. त्यांचे पान मांडायचे नाही, हे जणू ठरूनच जाते.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. न समजल्यामुळे घरचेही चुकतात आणि रुग्णही स्वतःला दोष देत बसतो. शल्यक्रियेनंतर दिले जाणारे किरणोपचार, ज्यांना बोलीत ‘शेक’ म्हणतात, साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते साडेसहा आठवडे चालतात. बहुधा तीस ते तेहतीस बैठका होतात. किरण कर्करोगाच्या पेशी मारतात, पण त्यांच्या वाटेत लाळग्रंथी, जबड्याचे स्नायू, हाड आणि गळ्याची त्वचाही येते. त्या काळात तोंड सोलवटते, जखमा होतात, घोटभर दूधही झोंबते. हा त्रास बहुतेकांच्या बाबतीत उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. हरपलेली चवही अनेकांना काही महिन्यांत, कोणाला वर्षभराने, बरीचशी परत मिळते. मात्र काही परिणाम उपचार संपल्यानंतर हळूहळू वाढत जातात. स्नायूंमध्ये ताठर तंतू तयार होतात, मान आखडते, जबडा मिटत जातो, गिळण्याची शक्ती मंदावते. घरच्यांना वाटते, आता सहा महिने झाले, बरे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात काही त्रास सहा महिन्यांनीच सुरू होतात, तर काही वर्षांनंतर डोके वर काढतात.

लाळेची किंमत आपल्याला तिच्या अभावानेच कळते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास भिजवते, चव जिभेपर्यंत पोहोचवते, आम्ल शमवते आणि दात धुऊन काढते. ती आटली की भाकरीचा तुकडा वाळूसारखा लागतो, रात्री दोनदा पाण्यासाठी उठावे लागते, चार वाक्ये बोलली की जीभ टाळूला चिकटते. त्यात नागपूरचा उन्हाळा! पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या झळांत धडधाकट माणसाचा घसा सुकतो, तिथे या माणसाची काय गत होत असेल? आणि हिवाळ्यात, साऱ्या गावाच्या तोंडाला पाणी सुटावे असा संत्र्यांचा हंगाम येतो, तेव्हा तीच फोड त्याच्या तोंडाला आगीसारखी लागते.

आपल्या प्रदेशाचे दुखणे आणखी एका कारणाने अधिक अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतीय पुरुषांमध्ये ओठ व मुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. विदर्भात पानठेल्यापानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून खर्रा तयार होतो. सुपारीने तोंडाची आतली त्वचा कडक होत जाते व तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हा निष्कर्ष त्याच संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आपला रुग्ण उपचाराला जातो तोच अर्धे मिटलेले तोंड घेऊन. त्यावर शल्यक्रिया, त्यावर किरणोपचार. एकाच दारावर तीन कुलुपे पडावीत, तसे हे आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. शरद पवार यांच्या राजकारणाशी कोणाचे कितीही मतभेद असोत, त्यांच्या आजाराची हकीकत मतभेद बाजूला ठेवून ऐकण्यासारखी आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्यांना मुखाच्या कर्करोगाचे निदान झाले. शल्यक्रियेनंतर त्यांनी छत्तीस वेळा किरणोपचार घेतले. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत कृषी मंत्रालयाचे काम, अडीच वाजता किरणोपचार आणि नंतर असह्य वेदनांमुळे घरी जाऊन पडून राहणे, असा क्रम त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला आहे. दात काढावे लागले, तोंड उघडणे, गिळणे आणि बोलणेही कठीण झाले, हेही त्यांनी लपवले नाही. सुपारी-तंबाखूच्या सवयीविषयी चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, ही खंतही बोलून दाखवली. याच रोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील यांच्यासारखा नेता महाराष्ट्राने गमावला. पण पवारांनी जे बोलून दाखवले, ते बोलण्याचे धैर्य किती सामान्य रुग्णांना होते? भाषणे करणे हेच ज्याचे आयुष्य, तो माणूस अस्पष्ट उच्चारांसह व्यासपीठावर पुन्हा उभा राहतो आणि लोक ऐकून घेतात. शेजारच्या निवृत्त शिक्षकाला मात्र आपण दोनदा “काय म्हणालात?” असे विचारतो आणि तिसऱ्या वेळी तो बोलणेच सोडून देतो.

नागपूरला या रोगाशी झुंजण्याची परंपरा आहे. खंजिरी हाती घेऊन गावोगाव जागवणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने झाले. त्यांच्याच नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय या शहरात विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या रुग्णांना आधार देत आले आहे. जामठा येथे डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या सेवा व अनुसंधान संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी केली. उपचाराची साधनेही सुधारली आहेत. लाळग्रंथींना शक्य तितके वाचवून गाठीवर किरण केंद्रित करण्याचे तंत्र आता रूढ झाले आहे. परंतु रुग्णालयाची भिंत जिथे संपते, तिथून पुढचे काम घराचे आणि समाजाचे आहे. ते काम कोणते?

पहिले काम दातांचे. किरणोपचारापूर्वीच दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. वाचू न शकणारे दात उपचारांपूर्वी, जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील अशा बेताने काढून घ्यावेत. किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. पुढे कधी दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड निर्जीव होऊन उघडे पडू शकते. हा धोका पाच-दहा वर्षांनीही टळलेला नसतो. म्हणून दंतवैद्य कोणीही असो, खुर्चीत बसण्यापूर्वी ‘किरणोपचार झाले आहेत’ हे सांगावे, कागद दाखवावेत आणि कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून दात काढू देऊ नये. लाळेअभावी दात झपाट्याने किडतात. त्यासाठी दंतवैद्याच्या सल्ल्याने रोज फ्लोराइड वापरावे. लिटरभर कोमट पाण्यात एकेक चमचा मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. मद्यार्कयुक्त माउथवॉश टाळावा.

दुसरे काम जबड्याचे. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दातांमधील अंतर पस्तीस मिलिमीटरपेक्षा कमी झाले की जबडा आखडला असे समजतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची, हा साधा व्यायाम दिवसातून अनेकदा करायचा असतो. मान आणि खांद्याचेही व्यायाम असतात. चार दिवस केले आणि सोडले, असे येथे चालत नाही. नित्यनेमाने केलेल्या सूर्यनमस्कारांचे महत्त्व जाणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरे काम स्वयंपाकघराचे. साधे वरण आणि तूप घालून मऊ कालवलेला भात, मुगाची पातळ खिचडी, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, शेवयांची खीर, शिजवून घोटलेली भाजी हे पदार्थ बहुतेकांना चालतात. तिखट, आंबट, कडक आणि फार गरम टाळावे. घासाबरोबर पाण्याचे छोटे घोट घ्यावेत. पण पाण्याने वारंवार ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओलसर येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याचे तंत्र शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. त्यांना गाठावे. जेवताना ताठ बसावे आणि कोणी घाई करू नये.

चौथे काम सावधपणाचे. मानेवर किरण पडले असतील तर थायरॉईड ग्रंथी पुढे कधीतरी मंदावू शकते. थकवा, वजनवाढ, उदासी याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने रक्ततपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम, नवी गाठ, वाढती वेदना यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि खर्रा पुन्हा तोंडात जाता कामा नये, रुग्णाच्याही नाही आणि त्याच्या मुलाच्याही नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण बंदीचा कागद घराच्या उंबरठ्याच्या आत येत नाही, तिथे आपल्यालाच पहारा द्यावा लागतो.

पाचवे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित. कार्यकर्ता रुग्णालयात धावून जातो, रक्त मिळवून देतो, डबा पोहोचवतो, पैशांची जुळवाजुळव करतो. ही आपली रीत आहे आणि ती अभिमानास्पद आहे. पण रुग्ण घरी आला की ‘आता सुटला’ असे समजून आपल्या भेटी थांबतात, आणि नेमके तेव्हाच त्या घराचे लांबलचक दिवस सुरू होतात. पत्नी दोन वेगळे स्वयंपाक करते, रात्री उठून पाणी देते, चिडचिड सोसते. तिला कोणी विचारत नाही. म्हणून सहा महिन्यांनी जा, वर्षाने जा. “बरे आहात ना?” असे विचारू नका, त्याला एकच उत्तर असते. “तोंड किती उघडते? दातांना दाखवले का? जेवायला किती वेळ लागतो?” असे विचारा. त्यांचे शब्द अस्पष्ट असतील तर शांतपणे ऐका. वाक्य आपण पुरे करू नका. त्या माउलीला म्हणा, “वहिनी, आजचा दिवस आम्ही बसतो, तुम्ही देवळात जाऊन या.”

आणि पंगत बसेल तेव्हा त्यांचे पान मांडा. त्यात मऊ वरणभात वाढा, शेजारी पाण्याचा पेला ठेवा आणि घरातल्या एखाद्या समंजस माणसाला त्यांच्या शेजारी सावकाश जेवायला बसवा. संक्रांतीला कडक लाडवाऐवजी तीळकूट आणि गुळाची मऊ वडी द्या. सांडले तर पाहू नका, उशीर झाला तर उठू नका. शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत पंगत उठत नाही, हा आपल्या घरांचा जुना संस्कार आहे. औषधाने जे भरून येत नाही, त्यातले थोडे तरी या संस्काराने भरून येईल. तो पाळायला फार तर अर्धा तास जास्त लागेल.