घशाचा हिशेब

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, १ ऑक्टोबरला, आपल्या सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. 'लिहून द्या, स्मरणिकेत घेऊ' असा कमिटीचा आग्रह झाला, म्हणून बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



आरोग्यावर बोला असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो, एवढीच माझी पदवी. त्यावर सचिव म्हणाले, "काका, तुम्ही घशावर बोला. त्या विषयात आपल्या सोसायटीत तुमच्याइतका अनुभव कोणालाच नाही." हसताय ना? हसा. 'बी' विंगचे खाकरणारे काका म्हणून मला सगळे ओळखतात, हे मला ठाऊक आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात साधं पडसं झालं. पडसं आठवड्यात गेलं, पण घशात काहीतरी चिकटून बसलंय ही भावना गेली नाही. सकाळी उठलो की अर्धा तास बेसिनपाशी. दिवसभर खाकरणं. रात्री आडवं पडलं की नाकामागून काहीतरी घशात उतरतंय, मग खोकला. सौभाग्यवतींनी वर्षभर सहन केलं आणि मग अंथरूण हॉलमध्ये नेलं. २०२० साली तर विचारू नका. मी लिफ्टमध्ये खाकरलो की माणसं पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने जायची.

आणि मग २०२२ ची कोजागिरी. मुलांनी सोसायटीतल्या लोकांच्या नकला केल्या. एक चिमुरडा काठी टेकत आला, थांबला, आणि नुसतं 'अहं... खर्रर्र... अहं' एवढंच केलं. नाव घ्यायची गरजच पडली नाही, गच्ची हसून हसून लोटपोट झाली. मीही हसलो. पण घरी गेलो आणि त्यानंतर चार महिने मी खाली कार्यक्रमाला आलो नाही. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याने अगदी हुबेहूब केली होती. पण आजाराने माझी ओळखच बदलली, हे त्या रात्री कळलं.

आणखी एक गोष्ट घरातही कोणाला सांगितली नव्हती, ती आज सांगतो. शाखेतला माझा एक जुना सहकारी घशाच्या कॅन्सरने गेला. त्याचीही सुरुवात 'घशात काहीतरी अडकतंय' अशीच होती. त्यामुळे मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचंच टाळलं. दुर्बीण घातली आणि नको ते दिसलं तर? त्या भीतीपोटी पाच-सहा वर्षं मी सगळं केलं, फक्त तपासणी केली नाही. काढे झाले, मध-आलं झालं, दूध बंद, दही बंद, केळं बंद. अँटिबायोटिकचे पाच-सहा कोर्स झाले, त्यातले दोन केमिस्टला विचारून. आणि नाक चोंदतं म्हणून नाक मोकळं करणारे थेंब. ते चार वर्षं उशीखाली असायचे.

शेवटी मुलीने हाताला धरून नेलं. दुर्बिणीची तपासणी पाच मिनिटांत आटोपली. थोडं गुदगुल्यासारखं होतं, डोळ्यांत पाणी येतं, इतकंच. कॅन्सर नव्हता. ज्या पाच मिनिटांना मी इतकी वर्षं भीत होतो, ती तेवढीच होती.

डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपलं नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण लिटरभर स्राव तयार करतात. हवेतली धूळ, जंतू त्यात अडकतात. नाकाच्या आत डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, ते झाडूसारखे हा स्राव मागे घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळतो. म्हणजे नाकातून घशात स्राव उतरणं हा आजारच नाही, तो रोजचा व्यवहार आहे! तक्रार सुरू होते ती तीन प्रकारे. स्राव वाढला, किंवा स्राव दाट झाला, किंवा घसाच इतका हळवा झाला की नेहमीचा स्रावही खुपायला लागला. याला डॉक्टर पोस्ट नेझल ड्रिप म्हणतात. पण हे रोगाचं नाव नव्हे, लक्षणाचं आहे. ताप जसा कशाचाही असू शकतो, तसंच हे.

आता बँकेतली गोष्ट. संध्याकाळी टॅली जुळत नसली की आम्ही फरकाला नऊने भागून बघायचो. पूर्ण भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, असा संशय घ्यायचा. पण कधी कधी फरक एक असायचा आणि चुका तीन निघायच्या, तीन वेगवेगळ्या काउंटरवर. एक सापडली म्हणून वही मिटणारा माणूस रात्री उशिरापर्यंत बसून राहायचा. माझ्या घशाचं नेमकं हेच झालं. मी सहा वर्षं एकच चूक शोधत होतो.

पहिली चूक होती ते नाकातले थेंब. हे थेंब फार तर तीन ते पाच दिवस वापरायचे असतात. जास्त दिवस वापरले की नाकाच्या आतली त्वचा त्यांच्यावाचून राहत नाही, थेंबांचा असर उतरला की दुप्पट सुजते. मग पुन्हा थेंब. कर्ज फेडायला नवं कर्ज काढण्यासारखंच हे. डॉक्टरांनी ते बंद केले आणि त्याऐवजी सौम्य स्टेरॉइडचा फवारा दिला. स्टेरॉइड म्हटल्यावर मी दचकलो. पण हा फवारा नाकापुरताच काम करतो, त्याची सवय लागत नाही आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं. आपण चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडतो, तीच चूक. मारायची रीतही आहे. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. थेंब सोडल्यावरचे पहिले दहा दिवस वाईट गेले. नंतर रात्री नाक मोकळं राहायला लागलं.

पण सगळं जुळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बँकवाले ना? मग रोजकीर्द लिहा." महिनाभर मी वही लिहिली. कधी उठलो, किती वेळ खाकरलो, काय जेवलो, किती वाजता जेवलो, कुठे झोपलो. त्या वहीत दुसरी चूक सापडली. ज्या रात्री बातम्या बघत दहाला जेवून साडेदहाला आडवा झालो, त्याच्या दुसऱ्या सकाळी घसा बसलेला, तोंडाला आंबट चव. पोटातलं आम्ल झोपेत घशापर्यंत येतं. छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही, मला कधीच झाली नव्हती. ते आम्ल घसा हळवा करतं आणि आपल्याला वाटतं कफच आहे. आता मी साडेसातला जेवतो, निजायला किमान तीन तास ठेवतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सुतारानं सहा इंची लाकडी ठोकळे बसवलेत. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोटावर दाब येतो, त्याचा उपयोग नाही. चहा सहा कपांवरून दोनवर आलाय. हे सगळ्यांत अवघड होतं!

तिसरी चूक सापडली ती सोलापुरात. ऑगस्टमध्ये बहिणीकडे आठ दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलंय, 'आज खाकरलो नाही.' परत आलो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू. औषध तेच, जेवण तेच. बदलली होती ती खोली. मी बेडरूममधलं कपाट पुढे ओढलं. मागची भिंत हातभर काळी, पोपडे सुटलेले, कुबट वास. माझ्या उशीपासून चार फुटांवर बुरशी वाढत होती. डॉक्टरांनी त्वचेवरची चाचणी केली तर बुरशी आणि गादीतल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी निघाली.

आता ही ओल कुठली, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण त्या भांडणाने दोन वार्षिक सभा खाल्ल्या होत्या. माझं म्हणणं, ओल वरच्या बाथरूमची आहे, उपविधींप्रमाणे खर्च वरच्यांचा. ते कलम मला तोंडपाठ. वरच्यांचं म्हणणं, गळती बाहेरच्या पाइपची आहे, खर्च सोसायटीचा. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. ओल दिसू नये म्हणून मीच ते कपाट तिथे सरकवलं होतं. तत्त्वासाठी मी पैसे वाचवले आणि ती बुरशी रोज रात्री नाकात घेतली.

त्या दिवशी मी जिना चढून वर गेलो. मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी काही न बोलता आतून चहा मागवला. आठवडाभरात प्लंबर आला आणि काय निघालं? न्हाणी ट्रॅपही गळत होता आणि बाहेरच्या पाइपलाही चीर होती. दोघंही खरे होतो आणि दोघंही अडून बसलो होतो. पाइपचा खर्च सोसायटीने केला, उरलेला आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. प्लास्टर काढण्याच्या दिवसांत मी मुलीकडे राहिलो, कारण खरवडताना ती बुरशी हवेत उडते. आता कपाट भिंतीपासून चार बोटं लांब असतं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुतो आणि ऊन असेल तेव्हा गादी गच्चीत घालतो. वरचे माझे मित्र आज समोरच बसलेत. उशीर झाला, पण जाहीरपणे माफी मागतो.

आता चार कामाच्या गोष्टी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती. स्वस्त आणि गुणकारी. केमिस्टकडे तयार पुड्या मिळतात. पण पाणी! नळाचं, टाकीचं पाणी तसंच कधीही वापरू नका. खळखळून उकळून, झाकून, कोमट केलेलंच घ्या. साध्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमीबा असतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. केरळातल्या अशा रुग्णांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. भांडंही धुऊन कोरडं ठेवा.

दोन, सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आपल्या वयात त्यांनी झापड येते, तोल जातो, रक्तदाब वाढू शकतो आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. ॲलर्जीवर अँटिबायोटिकचा तर उपयोगच नाही. उलट, रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, त्यांनी काही जणांना घशात खवखव आणि कोरडा खोकला होतो. सकाळच्या फिरण्यातल्या एकाला तेच निघालं. पण गोळी आपण बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

तीन, खाकरणं कमी करा. खाकरल्याने घसा सुजतो, सुजला की आणखी खाकरावंसं वाटतं. उबळ आली की पाण्याचा घोट घ्या, किंवा नुसतं जोरात गिळा. पाणी पुरेसं प्या, म्हणजे स्राव पातळ राहतो. वाफेने बरं वाटतं, पण ती उपचार नव्हे, आणि उकळतं पातेलं मांडीवर सांडलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि दुधाने कफ वाढत नाही. ते तोंडात लाळेत मिसळून दाट लागतं, म्हणून तसं वाटतं.

चार, हे सगळ्यांत महत्त्वाचं. एकाच नाकपुडीतून सतत स्राव येणं, रक्त पडणं, तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसणं, गिळायला त्रास, मानेला गाठ, वजन उतरणं, यातलं काही असेल तर वही लिहीत बसू नका, त्याच आठवड्यात तपासा. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या. माझ्यासारखं भीतीपोटी थांबू नका. माझं नशीब होतं म्हणून निभावलं.

मी पूर्ण बरा झालोय असं म्हणत नाही. पावसाळ्यात अजून फवारा लागतो, एखाद्या लग्नात उशिरा जेवलो की दुसऱ्या दिवशी कळतं. पण सौभाग्यवतींचं अंथरूण परत आत आलंय. आणि मगाचपासून मी बोलतोय, किती वेळा खाकरलो ते मोजलंत का? मी मोजलंय. दोनदा.

कमिटीला एकच विनंती. रौप्यमहोत्सवी वर्षाच्या खर्चात रोषणाई थोडी कमी करा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्या विंगमधल्या गळत्यांची एक यादी करा. कपाटं सरकवून बघायला सांगा. बऱ्याच घरांत भिंत काळी निघेल.

आणि येत्या कोजागिरीला माझ्यासाठी मसाला दुधाचे दोन पेले राखून ठेवा. सहा वर्षांचे उगाच सोडलेले आहेत.