संगणक-उद्योगासाठी सोबती निवडताना



लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना एकेकट्याने गुण मिळवायला शिकवले. लातूर-नांदेडहून अभियंते झालेली मुले आता उद्योग काढू म्हणतात, ह्याचा आम्हाला आनंद आहे. पण भागीदार कोण, तर एकाच बाकावरचे तिघे! तिघेही प्रोग्राम लिहिणारे. मग गिऱ्हाईक कोण आणणार?

पुण्याचे काटकर बंधू पाहा. थोरले कैलास दहावीनंतर कॅल्क्युलेटर-दुरुस्तीत शिरले. धाकट्या संजय यांनी संगणकशास्त्र शिकून व्हायरसवर उतारा लिहिला. थोरल्यांनी तो विकला. त्यांची 'क्विक हील' २०१६ साली शेअर बाजारात गेली.

आपल्या घरांत बुडालेले भांडवल पुन्हा उभे राहत नाही. म्हणून कोणाचा हिस्सा किती, मध्येच कोणी नोकरीला गेला तर त्याचे काय, हे आधी कागदावर घ्या. विहारातली ओळख असली तरीही.