उशाजवळचा पारा



होळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी कूलर बाहेर निघतो. टाकीचा गंज खरवडायचा, रंगाचा एक हात मारायचा, ताट्यांतलं जुनं वूडवूल काढून नवं भरायचं, पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहायचं, खिडकीखाली स्टँड लावायचा. एवढं सगळं आपण मनापासून करतो. रात्री तो बंद कधी व्हावा, हे मात्र ठरवत नाही. ते ठरवायची वेळ घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसावर येते, पहाटे तीन वाजता, अंगावर काटा आल्यावर.

आमच्या घरी ती माझी माय. आमगाव तालुक्यातलं आमचं जुनं कवेलूचं घर आहे. मी आयुष्यभर वायरमनचं काम केलं, लोकांच्या घरात दिवे लावले. मायच्या खोलीत काय चाललंय ते मला एका मे महिन्यात कळलं. रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती अंधारात भिंत चाचपडत कूलरकडे निघाली होती. फरशीवर पाणी सांडलेलं, पाय ओले आणि हात पत्र्याच्या कूलरच्या बटणाकडे. मी ओरडलोच. ती म्हणाली, "पायटे मले थंडी वाजते रे बाबू. पण तुमची झोप कायले मोडू?"

ती रोज रात्री अशीच उठत होती, आणि आम्ही तिच्या शेजारच्या खोलीत झोपलेलो होतो.

वायरमनला ओले पाय आणि पत्र्याचा कूलर एकत्र दिसले की दुसरं काही सुचत नाही. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. दर उन्हाळ्यात महावितरण सांगते की पाणी भरण्याआधी प्लग काढा, अर्थिंग तपासून घ्या. म्हणून आधी हेच सांगतो. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, आणि तिसरी पिन जिथे जाते तिथे खरोखर अर्थिंग हवं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो क्षणात लाइन तोडतो. हे झालेलं नसेल, तर मी पुढे सांगणार आहे त्यातलं काहीही करू नका.

दुसऱ्या दिवशी मी मायसाठी टायमर आणला. फिरत्या चकतीचा, भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा. रात्री दोन वाजता कूलर बंद होईल असं लावलं. चार दिवस ठीक गेले. पाचव्या संध्याकाळी वादळ आलं आणि तीन तास लाइन गेली. लाइन गेली तशी टायमरची चकतीही थांबली. लाइन आल्यावर ती थांबली होती तिथूनच पुढे फिरू लागली, आणि दोनच्या ऐवजी पहाटे पाचला कूलर बंद झाला. त्याच आठवड्यात एका रात्री उलटं झालं. हवा अजिबात थंड झाली नव्हती, तरी टायमरनं दोन वाजता कूलर बंद केला आणि माय घामाघूम होऊन बसली. टायमरला घड्याळ कळतं, खोली कळत नाही. म्हणून मग थर्मोस्टॅट आणला.

थर्मोस्टॅट आपल्याला नवा नाही. तुमच्या इस्त्रीत तो आहे. सुती, रेशमी, नायलॉन असं लिहिलेली चकती फिरवता, इस्त्री तापली की बारीक टिक् असा आवाज येतो आणि लाल दिवा विझतो, ते त्याचंच काम. आत दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त वाढते, दुसरी कमी. चिकटलेल्या असल्यामुळे जोडपट्टी वाकते आणि तिच्या टोकाचा संपर्क तुटतो. निवली की सरळ होते आणि पुन्हा जुळते. अशा पट्टीला थर्मोस्टॅट हे नाव १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं दिलं. खोलीसाठी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट मात्र एका शिक्षकानं केला, आणि मला त्याची गोष्ट फार आवडते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत वर्ग किती गरम झालाय हे पाहायला शिपाई सारखा आत यायचा आणि शिकवणं तुटायचं. जॉन्सननी भिंतीवर थर्मोस्टॅट बसवला आणि त्याची तार तळघरात भट्टीपाशी नेली. पारा उतरला की खाली घंटी वाजे आणि भट्टीवाल्याला कळे. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. ते यंत्र स्वतः काहीच गरम करत नव्हतं, फक्त वेळेवर हाक मारत होतं. आमच्या मायला नेमकी तीच हाक मारता येत नव्हती.

आज बाजारात मिळणारी थर्मोस्टॅटची डबी तळहातावर मावते. पुढे आकडे दिसतात, मागे वायर जोडायचे स्क्रू असतात, आणि एक बारीक लांब वायर बाहेर येते. तिच्या टोकाला उष्णता ओळखणारा मणी असतो. त्याला सेन्सर म्हणतात. आत एक रिले असतो, म्हणजे विजेनं हलणारं बटण. त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते साध्या भारासाठी. मोटरचा भार सुरू होताना जोरात ओढतो. कूलरच्या पंप-पंख्याला ही डबी पुरते. एसी किंवा गिझर तिच्यावर कधीही लावू नका.

जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, तोडलेली तार फेजचीच आहे ना? न्यूट्रल तोडली तरी पंप थांबतो, पण वीज पंपापर्यंत तशीच उभी राहते. दुसरी, डबी पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर, प्लास्टिकच्या पेटीत आहे ना? मी डबीवर फक्त पंप घेतला. पंखा मायच्या हाताशी, खाटेजवळच्या कोरड्या बटणावर ठेवला. पंप थांबला की पंखा चालूच राहतो, ताट्या हळूहळू वाळतात आणि गारवा ओसरत जातो. एकदम सगळं बंद झालं की उकाड्यानं झोप मोडते, म्हणून हा मार्ग मला जास्त बरा वाटतो.

आता आकडे. चार गोष्टी लावायच्या असतात. पहिली म्हणजे कुठल्या अंशाला थांबायचं. दुसरी म्हणजे फरक, म्हणजे थांबल्यावर किती अंश वाढल्यावर पुन्हा सुरू व्हायचं. फरक ठेवला नाही तर पंप मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहील आणि रिले जळेल. तिसरी म्हणजे थांबल्यावर किमान किती मिनिटं विश्रांती. मी तीन ठेवतो. चौथी म्हणजे चूक सुधारणं. काचेच्या ग्लासात बर्फाचा चुरा ठासून भरा, थोडं पाणी घाला, सेन्सर त्यात बुडवा आणि पाच मिनिटं थांबा. डबीनं शून्य दाखवायला हवं. एक दाखवत असेल तर एक वजा करून ठेवा. शिवाय गारव्यासाठी आणि उबेसाठी वेगवेगळी रीत असते. ती गारव्याची निवडलीय ना, एवढं पाहा. हे आकडे लाइन गेली तरी डबी विसरत नाही. टायमरपेक्षा ती मला सरस वाटली ती इथे.

हे सगळं नीट लावलं आणि तरीही फसलं. सेन्सरची वायर मी कूलरच्या तोंडासमोरच्या खिळ्याला अडकवली होती. गार झोत सरळ त्याच्यावर. डबीला वाटलं खोली गार झाली, पाच मिनिटांत पंप बंद. खाटेवर माय तशीच घामेजलेली. मग तो पश्चिमेच्या भिंतीवर लावला. मेमध्ये आपल्याकडची पश्चिमेची भिंत रात्री अकरापर्यंत तव्यासारखी असते. सेन्सर भिंतीचा ताप मोजत राहिला आणि पहाटेपर्यंत पंप थांबलाच नाही. माय पुन्हा कुडकुडली. तिसऱ्या दिवशी वायर खाटेपर्यंत नेली आणि सेन्सर मायच्या उशाजवळ, खाटेच्या पायाला, झोत थेट लागणार नाही अशा बाजूनं बांधला. त्या रात्री ती पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली.

माझं सांगणं एवढंच आहे. डबी कुठली घेतली, किती किमतीची घेतली, याला फार अर्थ नाही. सेन्सर कुठे ठेवला यावर सगळं ठरतं. जिथे अंग आहे तिथे तो हवा. आणि घरातलं ज्याचं अंग सगळ्यांत हळवं आहे, म्हातारं माणूस, बाळंतीण, तान्हं मूल, त्याच्याजवळ हवा.

आकडाही मी माझ्या हिशेबानं २६ लावला होता. मायनं चार दिवसांनी २८ करायला सांगितलं. केला. ताट्या ओल्या असतात, त्यामुळे पंप थांबल्यावरही पंधरावीस मिनिटं गारवा येत राहतो. म्हणून हवा असेल त्यापेक्षा एक अंश आधीच पंप थांबवावा लागतो. आमच्याकडे आता २९ ला पंप थांबतो, खोली २८ वर येते, आणि फरक दीडचा आहे. तुमचा आकडा वेगळा असेल. दोनचार रात्री विचारून ठरवा.

एक गोष्ट मात्र ही डबी ओळखत नाही. ती म्हणजे दमट हवा. कूलर पाणी उडवून गारवा करतो, आणि हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं. नवतप्यात दुपारी हवा ४३ अंश असेल आणि आर्द्रता २० टक्के, तर चांगल्या ताट्यांचा कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. तेच मृगात एकदोन सरी पडल्या, हवा ३४ अंशांवर आली आणि आर्द्रता ७५ टक्के झाली, तर तोच कूलर जेमतेम ३१ पर्यंत उतरवेल, आणि वर खोलीभर ओल. आकडा गाठला जात नाही म्हणून डबी पंप चालवत राहील, अंथरूण दमट होईल, म्हाताऱ्या सांध्यांना ते सोसत नाही. मृग लागला की पंपाचा प्लग काढा, नुसता पंखा चालवा. आणि ऐन उन्हाळ्यातही कूलरच्या समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आत आलेली ओली हवा बाहेर जायला वाट हवी.

आता गोंदिया शहरात, तिरोड्यात, देवरीतही एसी बरेच झालेत. त्यांच्यात थर्मोस्टॅट आतच असतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात स्टार असलेला घरगुती एसी कारखान्यातून २४ अंशांवरच लावून येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानं एकेक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. १६ वर लावला म्हणजे साधा एसी लवकर गार करत नाही. तो तेवढ्याच गतीनं गार करतो, फक्त थांबत नाही. २६ वर लावा आणि छताचा पंखा हळू ठेवा, अंगाला तेवढंच बरं वाटतं. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. तिथे कोळसा जळतो तेव्हा कुठे आपला एसी गार होतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं तरी लक्षात ठेवावं. काही एसींच्या रिमोटमध्येच सेन्सर असतो. त्याचं बटण दाबून रिमोट उशाजवळ ठेवलं की एसी छताजवळची हवा न मोजता तुमच्याजवळची मोजतो. घरी एसी असेल तर माहितीपुस्तक काढून एवढं एक बटण शोधा.

डबीचा आमच्याकडचा दुसरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. गोंदियाची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. विदर्भातला सगळ्यांत खाली गेलेला पारा बऱ्याचदा आपलाच असतो. माझा धाकटा भाऊ कोंबडीची पिल्लं आणतो. पिलाला पहिले दिवस स्वतःची ऊब धरता येत नाही. त्याच्यासाठी डबी उलट्या रीतीवर, उबेच्या रीतीवर लावायची आणि तिच्यावर १०० वॅटचे दोन बल्ब घ्यायचे. दोन यासाठी, की एक रात्री गेला तरी दुसरा राहावा. पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश खाली. सेन्सर पिलांच्या पाठीच्या उंचीवर, बल्बच्या बरोबर खाली नाही, कडेला. वर टांगला तर आकडा बरोबर दिसतो आणि पिल्लं खाली गारठतात.

आकड्यापेक्षा पिलांकडे पाहा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी आहे. भिंतीकडेला चोची उघडून बसली असतील तर ऊब जास्त झाली. सगळीकडे विखरून दाणे टिपत असतील तर डबीला हात लावू नका. मायही रात्री एकदा उठून त्या कोपऱ्यात कंदील धरून पाहून येते. आता तिला उठायचं कारण नसतं, तरी येते. भाऊ विचारतो तेव्हा म्हणते, "पिल्लं बोलत नाहीत ना बाबू, पाहाच लागते."

पाचव्या आठवड्यात पिलांच्या अंगावर पिसं भरतात. मग बल्ब काढायचे, सेन्सर कोरड्या फडक्यानं पुसायचा, वायर सैल गुंडाळायची आणि डबी होळीपर्यंत पेटीत ठेवायची.