विलासराव साळुंखे यांची आठवण



आपल्या घोटीकडे पाऊस धो धो पडतो. तरी वैशाखात पाड्यावरच्या बाया हंडा घेऊन लांब जातात. तेव्हा आम्हांस विलासराव आठवतात.

ते पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली. जीव कळवळला. पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन त्यांनी कराराने घेतली. बांध घातले, पाणी अडवलं.

त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नेम असा : माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला फार तर अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही.

२००२ साली ते गेले. देवाच्या जमिनीवर त्यांनी माणसांची सेवा केली. आपणही पाणी वाटताना एकर मोजू नये. घरातली माणसं मोजावीत.