पेशीकेंद्रातील दप्तर



मानवी शरीरातील एका पेशीतला डी.एन.ए. उलगडून सरळ ताणला, तर त्याची एकूण लांबी सुमारे २ मीटर भरेल. हा धागा ४६ गुणसूत्रांत विभागलेला असतो. ज्या पेशीकेंद्रात तो सामावतो, त्याचा व्यास मात्र सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. एवढा धागा एवढ्याशा जागेत गुंता न होता राहतो, तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे.

जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये हिस्टोनचा शोध लावला. डी.एन.ए.वर ऋण विद्युत्भार असतो, तर हिस्टोनवर धन. साहजिकच दोहोंत आकर्षण असते. आठ हिस्टोन एकत्र येऊन जणू एक रीळ बनते आणि त्याभोवती डी.एन.ए.च्या १४७ जोड्यांचा भाग सुमारे पावणेदोन वेढे घेतो. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये या रचनेची कल्पना मांडली. त्याच वर्षी ओलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे तिचे दृश्य प्रसिद्ध केले.

ही व्यवस्था अतिप्राचीन आहे. वासराचे आणि वाटाण्याचे ‘एच-४’ हिस्टोन ताडून पाहिले असता, १०२ अमिनो आम्लांपैकी अवघ्या दोन ठिकाणी फरक आढळला.

परंतु हिस्टोनचे कार्य केवळ बांधून ठेवण्याचे नाही. अभिलेख कक्षात रुमालात घट्ट बांधलेले कागद वाचता येत नाहीत. प्रकरण पाहावयाचे तर गाठ सोडावी लागते. यकृताच्या व मेंदूच्या पेशींतील दप्तर एकच, पण प्रत्येकीत उघडलेले रुमाल निराळे. हिस्टोनला ‘अॅसिटिल’ गट जोडला गेला की त्याचा धन भार घटतो, बांधणी सैल होते व जनुक वाचले जाऊ शकते. याचा संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच दाखवून दिला होता.

ही गाठ चुकीच्या जागी बसली, तर परिणाम गंभीर होतात. पेशींच्या बेसुमार वाढीस आवर घालणारी जनुके बंदिस्त राहिल्यास कर्करोगास वाव मिळतो. तथापि, येथे डी.एन.ए.तील अक्षरे बदललेली नसतात. बदललेली असते ती बांधणी, आणि ती पुन्हा सैल करता येण्याजोगी असते. अॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना रोखणारे ‘व्होरिनोस्टॅट’ हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका लसिका-कर्करोगासाठी संमत झाले, ते याच ज्ञानाच्या बळावर.

आनुवंशिकता म्हणजे अटळ विधिलिखित नव्हे, हे विद्यार्थ्यांना व ग्रामस्थांना समजावून सांगताना हे उदाहरण निश्चितच उपयोगी पडेल.