दुसऱ्याच्या वर्गातला मास्तर

आम्ही शाळा नववीत सोडली. इंग्रजी शिकलो ते कामगारांची करारपत्रे वाचता वाचता. म्हणून जपानच्या खेड्यांतील परदेशी इंग्रजी मास्तरांची हकीगत कानी आली, तेव्हा आम्ही आधी त्यांचा करारच विचारला.

१९८७ साली जपान सरकारने जेट योजना काढून चार देशांतून ८४८ तरुण आणले. हुद्दा बहुतेकांचा सहायक शिक्षकाचा. आज या शाळेत, उद्या त्या. दुपारी मुलांबरोबर वर्गातच जेवण. मुलेच वाढतात, मुलेच शाळा झाडतात. हे आम्हांला फार आवडले. परंतु नोकरी वर्षावर्षाची, फार तर पाच वर्षे.

त्याहून बिकट दशा कंत्राटी कंपनीच्या मास्तराची. पुष्कळ ठिकाणी टेंडर निघते. बोली कमी त्याला काम. काही करारांत तर शाळेच्या शिक्षकाने त्याला थेट हुकूम द्यायचा नाही. दिला की कायदा मोडला, कारण मालक कंपनी! एका फळ्यापुढे दोघे उभे, आणि 'हे वाक्य पुन्हा म्हणवून घ्या' एवढे सांगायचे तरी पंचाईत. आमच्याकडचा तासिका तत्त्वावरचा शिक्षक हे ऐकून आधी हसेल, मग गप्प बसेल.

ओसाकात १९९१ साली निघालेल्या जनरल युनियनमध्ये असे मास्तर सभासद आहेत. वर्गणी देतात, आणि संपही करतात.