आठ अंगे की चार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



बाप्पापुढे आपण घालतो तो साष्टांग नमस्कार सूर्यनमस्कारातही येतो. त्या एकाच स्थितीविषयी आज चार शब्द बोलतो.

महाराष्ट्रात शाळेत आपण दहा अंकी सूर्यनमस्कार शिकलो. त्यात पाचव्या अंकाला दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगे जमिनीला टेकतात. पोट वर राहते. म्हैसूर पद्धतीने शिकलेले आपले कन्नड सहकारी त्याच जागी चतुरंग दंडासन करतात. तळहात आणि चवडे एवढेच जमिनीवर, कोपरे बरगड्यांजवळ काटकोनात, बाकी शरीर काठीसारखे अधांतरी. गंमत अशी की त्या पद्धतीचे नाव मात्र 'अष्टांग विन्यास'!

मग बरोबर कोणते? आमच्या वसाहतीत साठीच्या एका काकूंना कोणीतरी सांगितले, "गुडघे टेकलेत, हा नमस्कार चुकीचा." काकूंनी यायचेच बंद केले. मला वाईट वाटले ते याचे.

थोडा इतिहास पाहू. सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. आपल्या बेंगळुरूत व्यायामशाळा चालवणाऱ्या के. व्ही. अय्यर यांनीही १९३७ मध्ये सूर्यनमस्कारावर इंग्रजी पुस्तक काढले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात १९३३ पासून टी. कृष्णमाचार्य योगशाळा चालवत होते. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांची पद्धत जगभर गेली. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार मूळचे कोलार जिल्ह्यातील बेल्लूरचे. १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला गेले ते पुणेकरच झाले. आपण नोकरीसाठी इकडे येण्याच्या कितीतरी आधी ही देवाणघेवाण चालू होती. घराणी वेगळी म्हणून कोणाचे गाणे खोटे ठरत नाही, तसेच हे.

फरक आहे तो भाराचा. गुडघे आणि छाती टेकली की वजन वाटले जाते. म्हणून मुलांना, वयस्करांना आणि नवशिक्यांना ते झेपते. चतुरंगात सगळा भार मनगटे, कोपरे, खांदे आणि पोटाच्या स्नायूंवर येतो. ताकद वाढते, पण खांदे कोपरांच्या खाली घसरले तर दुखणे मागे लागते. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी गुडघे टेकून सुरुवात करावी. शरीर सरळ ठेवून सावकाश खाली येता येऊ लागले की मगच गुडघे उचलावेत. मनगट किंवा खांदा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारावे.

आणि शेजारच्या सतरंजीवर कोणी गुडघे टेकले, तर त्याला टोकू नये. तो रोज येतो आहे, हे महत्त्वाचे.

गणपती बाप्पा मोरया!